बिनकाठ्यांची वाट

माणसाची लायकी कळायला त्याचं घरदार, कपडेलत्ते काही बघू नये. बर्फ पडून गेल्यावर दुसऱ्या सकाळी त्याने सडकेपासून दारापर्यंतची वाट कशी काढली आहे, तेवढं बघावं, असं एल्मा रांटाचं म्हणणं होतं. आणि या मापाने मोजायला गेलं तर सरोवराकाठच्या त्या अख्ख्या पट्ट्यात धड माणूस सापडणं मुश्कील होतं. टेकडीवरचे मास्तर गाडी अंग चोरून जाईल एवढीच फट काढायचे आणि मग फेब्रुवारीत स्वतःच तिच्यात अडकून बसायचे. पोस्टातली बाई आपला बर्फ सडकेपलीकडे दुसऱ्याच्या दारात लोटायची आणि रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर डोळे मिटून बसायची. पैसे टाकून माणूस बोलावणारे जे होते, त्यांच्याबद्दल तर एल्मा बोलतच नसे. त्यांचं नाव निघालं की ती उठून भांडी घासायला लागायची.

समोरच्या लॉइड ट्रेझाइसची मात्र ती नेमाने सालटी काढायची. लॉइड ऑक्टोबर लागला की हातात घण घेऊन बाहेर पडायचा आणि आपल्या वाटेच्या दोन्ही कडांना नारिंगी रंगाच्या काठ्या ठोकत सुटायचा. तशी ती सगळ्यांचीच रीत. बर्फ छातीला लागला की वाट कुठे आणि फुलांचा वाफा कुठे काही कळत नाही, आणि एकदा जमीन गोठली की घणाने ठोकली तरी काठी आत जात नाही, म्हणून काठ्या आधीच ठोकायच्या. पण लोक वळणावर दोन, तोंडाशी दोन अशा ठोकतात. लॉइड पावलापावलावर ठोकायचा.

"कुंपण घालतोयस का वाट आखतोयस रे?" एल्मा आपल्या पायरीवरून विचारायची.

"तुम्हा गाजरखाऊ लोकांना काय कळणार," तो न वळता म्हणायचा. लॉइडचे पूर्वज खाणीत काम करायला इंग्लंडच्या टोकावरून आलेले, आणि मांस-बटाट्याच्या पेस्टीत गाजर घालणारा माणूस त्याच्या लेखी माणसात जमा नव्हता. रांटांचे पूर्वज फिनलंडचे. ते गाजर घालायचे. या एका गाजरावरून दोन घरं एक जन्मभर एकमेकांची उणीदुणी काढत आली होती आणि दोन्ही घरांचं त्यावर उत्तम चाललं होतं.

आर्विद रांटा काठ्या लावत नसे. त्याच्या बापाने लावल्या नव्हत्या, आजाने लावल्या नव्हत्या. "काठी आंधळ्याला लागते," तो म्हणायचा आणि ट्रॅक्टरवर चढायचा. ट्रॅक्टरच्या तोंडाला बर्फ कापून धारेने लांब फेकणारं यंत्र जोडलेलं होतं, आणि ते घेऊन आर्विद अशी वाट काढायचा की दोन्ही बाजूंच्या भिंती सुरीने कापल्यासारख्या उभ्या. एल्माला हे ठाऊक होतं. मनातून तिला त्याचा गर्वही होता. पण नवऱ्याशी गोड बोलायची तिला सवय नव्हती. तिच्या आईलाही नव्हती. गोड बोलायचं ते मयताच्या घरी, अशी त्या घराण्याची समजूत.

"मोठा आलाय डोळस," ती म्हणायची. "कोपरा बघ कसा खाल्लास. पुढच्या वेळी माझं बेदाण्याचं झुडूप गेलं तर तुलाच तिथे लावीन."

"लाव. फळं तरी बरी येतील."

असं चाललेलं होतं. मग आर्विदचं विसरणं सुरू झालं.

आधी बारीकसारीक. कॉफीचं भांडं फ्रिजमध्ये, लोणी कपाटात. एल्माने त्याला झापलं आणि भांडं जागेवर ठेवलं. मग एकदा तो चपला घालून सौनाकडे, म्हणजे आवारातल्या वाफेच्या न्हाणीघराकडे, निघाला आणि अर्ध्यात उभा राहिला, कुठे निघालोय ते आठवेना. "असाच उभा राहिलास तर लॉइड तुझ्यावर नारिंगी रंग देईल," एल्मा खिडकीतून ओरडली, आणि तो हसून आत आला. हे तिने कोणाला सांगितलं नाही. सांगायचं कोणाला, आणि कशाला.

पण नोव्हेंबरात सणाच्या टर्कीच्या जेवणाला मुलगा आला, सून आली, आणि ऐन जेवताना आर्विदने विचारलं, "ऑस्कर अजून कसा आला नाही?" ऑस्कर त्याचा थोरला भाऊ. त्याला पुरूनही जमाना लोटला होता.

"थट्टा करतोय," एल्मा म्हणाली. "वाढ रे रॉजर, बघत काय बसलास."

रॉजरने वाढलं. पण जेवणानंतर तो आईला गाठून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. मुलगा वाईट नव्हता. शहरात राहून मऊ झाला होता, एवढंच. तिकडे दक्षिणेला त्यांची सदनिका होती, खाली गाड्या ठेवायची ऊबदार जागा होती, आणि शेजारची एक सदनिका रिकामी होणार होती.

"आई, बाबांचं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं."

"तुझ्या बाबांचं डोकं ठिकाणावर होतं कधी? असतं तर माझ्याशी लग्न केलं असतं का?"

"मी थट्टा करत नाहीये. इथे या वाऱ्यात तुम्ही दोघंच. उद्या काही झालं तर..."

"तिकडे किती छान आहे, आई," शेरिल मागून म्हणाली. ही सून येताना पिशवीत चिरलेली कोशिंबीर घेऊन आली होती, दुकानातून चिरून आणलेली. "बर्फ पडला की कंपनीची माणसं येतात. आपण उठायच्या आत सगळं साफ."

"मग उठून तुम्ही करता काय?" एल्माने विचारलं.

रॉजरने हट्ट सोडला नाही. शेवटी एल्माचं डोकं फिरलं आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. "ऐक. ज्या दिवशी तुझ्या बाबांना आपली वाट आपल्या हाताने काढता येणार नाही, त्या दिवशी तू म्हणशील तिथे येऊ. तुझ्या त्या खुराड्यात येऊ. तोवर हा विषय माझ्यापुढे काढायचा नाही."

"ठरलं?" रॉजर म्हणाला.

"ठरलं."

त्याने इतक्या चटकन हो म्हटलं, तेव्हाच तिला कळायला हवं होतं की आपण हातचं घर पणाला लावून बसलो. पण आर्विद आणि वाट यांच्याबद्दल तिला शंका नव्हती. माणूस बायकोचं नाव विसरेल, पण हे विसरेल का, असं तिला वाटलं.

डिसेंबर निभावला. थर चढत गेले, वाटेच्या दोन्ही बाजूंना भिंती उभ्या राहिल्या, आणि एकदा भिंती उभ्या राहिल्या की काठ्यांचं काम संपतं. दोन भिंतींच्या मधून ट्रॅक्टर न्यायला काय अक्कल लागते. आर्विद रोज जायचा, रोज बरोबर यायचा, आणि एल्मा रोज त्याला नावं ठेवायची. रॉजर फोनवर विचारायचा, "वाट?" ती म्हणायची, "मोकळी," आणि फोन ठेवायची.

मग जानेवारीत मेला पाऊस पडला. भर हिवाळ्यात पाऊस म्हणजे काही रीतच नाही. भिंती खचल्या, वितळल्या, वाहून गेल्या. पिवळं गवत वर आलं. लागलीच पुन्हा थंडी पडली आणि त्या उघड्या मैदानावर सरोवरावरून जे वादळ आलं, त्याने दिवसरात्र काही बघितलं नाही. ते थांबलं तेव्हा खिडकीच्या अर्ध्यापर्यंत बर्फ होता आणि घरापासून सडकेपर्यंत सगळं एकसारखं पांढरं, कुठे उंचवटा नाही की खूण नाही. सडकेपलीकडे लॉइडच्या काठ्यांची नारिंगी टोकं मात्र ओळीने वर आलेली दिसत होती. ती बघून एल्माच्या तोंडाला कडू पाणी आलं.

"यंदा काठ्या लाव म्हणून मी सांगत होते," ती म्हणाली.

"काठी आंधळ्याला लागते," आर्विद बूट चढवत म्हणाला. त्याच वेळी फोन वाजला. रॉजर होता. सडक साफ झाल्याचं रेडिओवर ऐकलं, आम्ही निघालोय, दुपारी पोचतो.

"बाबा वाट काढतायत?"

"मग काय शेरिल काढणार?" एल्मा म्हणाली.

आर्विद बाहेर पडला. ट्रॅक्टरची शेड घर आणि सौना यांच्या पलीकडे होती. शेडमधून बाहेर येऊन उजवीकडे वळलं की स्वयंपाकघराचं दार आणि तिथून सरळ सडकेपर्यंतची वाट. एल्माने ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज ऐकला आणि वेलचीच्या गोड पावाची कणीक मळायला घेतली. नातेवाईक कितीही नकोसे असले तरी पावाशिवाय कॉफी देत नाहीत.

कणीक मळून झाली. फुगायला ठेवली. आवाज येतच होता, पण खिडकीत ट्रॅक्टर काही येईना. खिडकीसमोर बर्फ जसाच्या तसा पडून होता. तिने कान दिला. आवाज डावीकडून येत होता, सौनाच्या मागून, आणि सौनाच्या छपरावरून बर्फाची उंच धार उडताना दिसत होती. तिकडे काहीच नव्हतं. तिकडे नुसतं गवताचं मैदान होतं.

ती जिना चढून वरच्या खिडकीशी गेली आणि तिथेच भिंतीला धरून उभी राहिली.

आर्विदने वाट काढली होती. इतकी देखणी वाट त्याने गेल्या कित्येक वर्षांत काढली नव्हती. शेडपासून डावीकडे, मैदानातून उतरत, एक सुबक वळण घेऊन थेट सडकेला. ओढ्यावरची मोरी बर्फात गडप झालेली, ती बरोबर हेरून तिच्यावरूनच तो गेला होता. बर्फ लोटणाऱ्या सरकारी नांगराने सडकेच्या कडेला जो दगडासारखा बांध टाकला होता, तोही त्याने फोडला होता. आणि मैदानाच्या मध्यावर, जिथे उभं राहायला कोणाला काही कारण नाही, तिथे त्याने एक मोठा गोल मोकळा केला होता आणि आता त्याची कड साफ करत होता.

ती जुनी वाट होती. गोठ्याची. गाई होत्या तेव्हा दुधाची मोठी गाडी त्या वाटेने वर यायची, गोठ्यासमोर दुधाचे कॅन चढवून घ्यायची आणि त्या गोलात वळून परत जायची. पुढे गाई विकल्या, एका हिवाळ्यात बर्फाच्या भाराने गोठा बसला, आणि आर्विदने घरासमोरून नवी वाट आखली. रॉजर तेव्हा शाळेत होता.

एल्माच्या तोंडात शिवी आली नाही. हीच काय ती नवलाची गोष्ट. तिने कोट घातला, शाल गुंडाळली, कोपऱ्यातलं पत्र्याचं सुपडं घेतलं, दोन्ही हातांनी ढकलायचं ते, आणि कमरेएवढ्या बर्फातून शेडपर्यंत वाट पाडत गेली. तिथून पुढे आर्विदची वाट होती, मोकळी आणि सपाट. ती उतरत गोलापाशी आली तेव्हा सडकेच्या तोंडाशी लॉइड ट्रेझाइस फावड्यावर हात टेकून उभा होता. त्याने सगळं बघितलेलं होतं. तो वर चालत आला. एल्माने मान ताठ केली आणि टोमण्याची तयारी ठेवली.

"एल्मा," लॉइड हळू आवाजात म्हणाला, "काही मदत लागली तर सांग हं. अगदी केव्हाही."

एवढंच. गाजर नाही, काठ्या नाहीत, काही नाही. मेल्याने टोपीसुद्धा काढली होती. इतक्या वर्षांत हा माणूस तिच्याशी असा कधी बोलला नव्हता, आणि तिला वाटलं याने फावड्याने थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. तिचा कधी कोणी एवढा अपमान केला नव्हता. ती त्याच्याकडे न बघता पुढे गेली.

आर्विदने तिला बघून ट्रॅक्टर थांबवला. भुवयांवर बर्फ साचला होता, गाल लाल झाले होते. खाली उतरून त्याने हात पसरून गोल दाखवला.

"बघ कशी काढलीय. आता म्हण काय म्हणायचं ते. दुधाची गाडी डोळे मिटून वळेल."

एल्माने तोंड उघडलं. समोर हा असा उभा, लहान पोरासारखा खूष. मागे मोकळं पांढरं मैदान. दुपारी रॉजर येणार, बघणार, आणि तोंडातून एक शब्द न काढता सामान बांधायला घेणार. मग हा माणूस त्या सदनिकेच्या खिडकीत बसून कंपनीची माणसं बर्फ काढताना बघणार. तिला त्याची इतकी दया आली की तिला स्वतःला आवरेना.

"छान काढलीस, आर्विद," ती म्हणाली. "खूप छान काढलीस."

आर्विदचे पसरलेले हात खाली आले.

त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं. "कोण गेलं?" त्याने विचारलं.

"कोणी नाही."

"एल्मा, कोण गेलं? माझी आई गेली तेव्हा बोललीस तू अशी. कोण गेलं सांग." आणि मग त्याने मान वळवली, गोलाच्या पलीकडे जिथे गोठा असायला हवा तिथे, आणि तिथे काही नव्हतं. तो बघत राहिला. त्याने हातमोजा काढला, पुन्हा घातला. त्याच्या डोळ्यांत भीती चढत होती आणि एल्माला ती चढताना दिसत होती. आता आणखी एक गोड शब्द ती बोलली असती तर त्याला सगळं कळलं असतं. गोठा नाही, गाई नाहीत, आणि आपलं डोकंही नाही.

आत्ताच लॉइडने तिला टोपी काढून जे दिलं होतं, तेच तिने याला दिलं होतं. तिला स्वतःचा संताप आला आणि त्या संतापाने तिची जीभ सुटली.

"कोण जाणार?" ती कडाडली. "जायचं ते शहाणी माणसं जातात, तुझ्यासारखी टोणगी इथेच राहतात आमच्या डोक्यावर. छान म्हटलं तर लगेच सुतकात गेला. बघतोयस काय तिकडे? गोठा तू आणि ऑस्करने बांधला होता, म्हणून तर पडला. दोघा भावांना मिळून एक सरळ खांब उभा करता आला नाही. आणि वाट काढलीस ती काढलीस, पण घरापर्यंत कोण आणणार, तुझा आजा? सून येतेय पातळ बुटांत, तिला काय इथून उचलून नेणार आहेस? कमरेत उसण भरली की माझ्याच नावाने बोंबलशील. सकाळपासून एवढं पेट्रोल जाळलं आणि स्वयंपाकघराचं दार तसंच बुजलेलं. अंगात रग आणि डोक्यात भुसा, तुमच्या घराण्याची रीतच ती."

तिने श्वास घेतला. आर्विद तिच्याकडे बघत होता. खांदे सैल झाले होते. मग त्याने नाकाने फुस्स केलं.

"ऑस्करचा खांब वाकडा होता," तो म्हणाला. "माझा सरळ होता."

"दोन्ही वाकडे होते. चढ आता. शेडपर्यंत मागे घे आणि तिथून दारापर्यंत आण. मी पुढे चालते, तू माझ्या मागून ये. बघू तरी तुला सरळ येतं का. मेलं एक काम धड होईल तर शपथ."

मग ती सडकेकडे वळली आणि खच्चून ओरडली, "ए लॉइड! तिथे खांबासारखा उभा काय? घरात उरल्यासुरल्या काठ्या असतील तर आण जरा. असतीलच. तुझ्याकडे काठ्याच आहेत, दुसरं आहे काय."

माणूस बावळट होता पण मूर्ख नव्हता. त्याने टोपी डोक्यावर चढवली.

"शेवटी रांटांच्या दाराला काठ्या लागल्या का?" तो ओरडला. "थांब, आधी गावभर सांगून येतो."

"काठी आंधळ्याला लागते," आर्विद ट्रॅक्टरवरून म्हणाला.

"तुझ्यासाठी नाहीत," एल्मा म्हणाली. "तुझ्या सुनेसाठी आहेत. तिला आपली सदनिकासुद्धा नंबर बघितल्याशिवाय सापडत नाही."

हे आर्विदला पटलं. लॉइड काखेत मोळी घेऊन आला. जमिनीत काठी जाणं शक्यच नव्हतं, त्या आता नुसत्या बर्फाच्या भिंतीत खोचायच्या होत्या. लॉइडने सडकेच्या तोंडापासून सुरुवात केली, आणि अर्थातच पावलापावलावर खोचत गेला, आणि एल्मा त्याला काही बोलली नाही. येताना पाडलेली फट ट्रॅक्टरच्या वाटेत नव्हती, म्हणून ती शेडकडून घराच्या दिशेने नव्याने सुपडं पुढे लोटत चालली. बर्फ कमरेला, मध्ये मध्ये छातीला. दर चार पावलांवर तिला थांबावं लागे. थांबली की ती मागे वळून शिव्या द्यायची, म्हणजे दम खातेय हे दिसायला नको. मागून ट्रॅक्टर तिच्या शालीवर नजर ठेवून येत होता. जिथे ती वळली तिथे आर्विद वळला. सौनाची कड, पाण्याचा पंप, बेदाण्याचं झुडूप, सगळ्याला वळसा घालून तिने त्याला दारापर्यंत आणलं.

रॉजरची गाडी आली ती नेहमीच्या तोंडाशी येऊन थांबली. तिथे पत्रपेटीचं नुसतं डोकं वर होतं आणि मागे बर्फाची भिंत. थोडा वेळ गाडी तिथेच उभी राहिली. मग सावकाश पुढे सरकली, नारिंगी काठ्या दिसल्या तिथे वळली आणि वर चढली. गोलापाशी ती पुन्हा थांबली. एल्मा खिडकीतून बघत होती. लहानपणी हा पोरगा दूधवाल्याच्या शेजारी चढून बसायचा, फक्त त्या गोलात एक फेरी मारायला मिळावी म्हणून.

गाडी दारात आली. रॉजर आत आला तो सरळ तिच्यासमोर.

"आई."

"पाय झटक आधी."

"ही गोठ्याची वाट आहे."

"मग? वाट आहे ना? कोणी काढली? तुझ्या बाबांनी काढली, आपल्या हाताने. तुझी गाडी दारात आली की नाही आली? ठरलं काय होतं आपलं?" तिचा आवाज चढला होता, पण हात टेबलाच्या कडेला घट्ट धरून होते, आणि रॉजरला ते हात दिसले.

तेवढ्यात शेरिल बूट झटकत आत आली. "मध्ये तो गोल किती छान केलाय," ती म्हणाली. "गाडी वळवायला किती सोपं. दर वेळी मागे मागे घेत जायला मला भीतीच वाटायची."

"बघ," आर्विद टेबलाशी बसून म्हणाला, "सुनेला कळतं. घरात कोणाला नाही कळत."

एल्माला सुनेचा राग आला नाही, हे रॉजरच्या लग्नापासून पहिल्यांदाच. तिने पावाचा सगळ्यात मोठा तुकडा कापून शेरिलच्या बशीत ठेवला आणि पुढे सरकवला.

रॉजर पाठ फिरवून खिडकीशी उभा होता. मग म्हणाला, "एप्रिलपर्यंत. बर्फ जाईपर्यंत. मग बोलू."

"एप्रिलात कुठे जातोय बर्फ. मे उजाडतो."

"बरं, मे," रॉजर म्हणाला आणि डोळे पुसून बापाशेजारी येऊन बसला.

एल्माने कॉफी ओतली. मे. जमीन मऊ होईल, तेव्हा काठ्या ठोकता येतील, पण तोवर हे घरच सुटलं तर त्या ठोकायचं कारण उरणार नाही. पाव कापायला उचललेली सुरी तिच्या हातात तशीच राहिली. बाहेर बारीक भुरभुर पुन्हा सुरू झाली होती आणि त्या गोलावर एकसारखी पडत होती.

टेबलाशी कप खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"एल्मा," आर्विद हळूच म्हणाला. तो तिच्या पाठीकडे बघत होता. "गप्प का गं? कोण गेलं?"

"कोण जातंय मेलं इथून," एल्मा म्हणाली आणि पाव कापायला लागली. "कोपर काढ टेबलावरून. कॉफी सांडशील, गेल्या वेळचा डाग अजून निघाला नाही. आणि टोपी कोणी ठेवली लोण्याशेजारी? घरात टोपी घालून बसतात ते एक, आणि काढली तर लोण्याशेजारी ठेवतात. तुझी आई सांगून गेली होती मला, याला दोन हात दिलेत देवाने पण एकालाही अक्कल दिली नाही."

आर्विदने कोपर काढलं, टोपी मांडीवर घेतली आणि पाव कॉफीत बुडवला. एल्मा बोलत राहिली. पाव संपला तरी ती बोलत होती.